सेंधवा घाटाचा नाईक: एका राखणदाराच्या बंडाचं प्रकरण

शिरपूर सोडलं की आग्रा रोड सातपुड्याच्या रोखानं चढू लागतो. सांगवी, हाडाखेड, पळासनेर मागे पडतात आणि बिजासनीच्या देवळाशी घाट लागतो, तोच सेंधवा घाट. हाडाखेडच्या तपासणी नाक्यावर ट्रकांची रांग कायमचीच. ड्रायव्हर बाजेवर आडवे झालेले असतात, क्लीनर चाकाखाली दगड लावत असतो, आणि नवखा दिसला की चहावाला हटकतो, "कोठे चालना रे भाऊ?" या वाटेनं जाणाऱ्याला कोणीतरी अडवणार, कागद बघणार, पैसे घेणार, हे जुनंच आहे. घाट ज्याच्या हातात, वसूल त्याचा. मी ज्याचं प्रकरण मांडतोय त्याचा सगळा जन्म या एका वाक्याभोवती गेला.

त्याचं नाव खाज्या नाईक. कंपनी सरकारच्या कागदांत तो काजरसिंग म्हणून येतो. सांगवीच्या बाजूचा भिल्ल, सेंधवा घाटाचा राखणदार. बाप गुमानसिंग याच्याकडेही घाटाची राखण होती. खाज्यानं १८३१ पासून सुमारे वीस वर्षं सरकारची चाकरी केली, मग तुरुंगात गेला, सुटला, पुन्हा चाकरीवर घेतला गेला आणि १८५७ मध्ये त्याच सरकारवर उठला. १८६० मध्ये त्याच्याच पदरच्या एका मक्राणी, म्हणजे बलुचिस्तानाकडच्या मक्राणातल्या, जमादारानं त्याला मारलं.

इतिहासाच्या तासाला हे प्रकरण मी बरीच वर्षं वापरतो. पोरं पहिल्या दहा मिनिटांत दोन गट करतात: एक म्हणतो क्रांतिवीर, दुसरा म्हणतो दरोडेखोर. दोन्ही सदरे त्याच्या अंगाला नीट बसत नाहीत, असं माझं मत आहे. वीस वर्षं इमानानं नोकरी केलेला माणूस एका पावसाळ्यात कसा फिरतो, हे समजून घ्यायचं तर १८५७ च्या बरंच मागे जावं लागतं.

घाटाचा हक्क

पेशवाईच्या अखेरीस खानदेश उजाड झाला होता. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला, त्यावर १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढारी. गावंच्या गावं ओस पडली, शेतांत रान माजलं. अशा काळात सातपुडा, सातमाळा आणि डांगाच्या कडेनं राहणारे भिल्ल नाईक आपापल्या वाटा धरून बसले. पण त्यांचं वाटेवर बसणं त्या धामधुमीत सुरू झालेलं नव्हतं. त्याआधीपासून डोंगरपायथ्याच्या गावांची आणि घाटांची राखण त्यांच्याकडे असे. गावातला जागल्या भिल्ल असला तर त्याला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. घाट राखणारा नाईक वाटसरू आणि बैलांच्या तांड्यांकडून ठरलेली वसुली घेई.

या हक्काला एक दुसरी बाजू होती, आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. चोरी झाली तर माग काढायची जबाबदारी राखणदाराची. पावलांचा माग धरत तो शिवेपर्यंत जाई. माग दुसऱ्या गावच्या हद्दीत शिरला तर पुढची जबाबदारी त्या गावाच्या राखणदारावर. माग आपल्याच हद्दीत हरवला तर चोर हजर कर, नाहीतर नुकसान भरून दे. वसुली घेणारा आणि चोरीची भरपाई करणारा माणूस एकच. राखण करायची, चोर शोधायचा, त्याला बोलता करायचं आणि माल परत आणायचा, हे सगळं त्याचंच काम. चौकशी, पुरावा, न्यायनिवाडा अशी कप्पेबंदी त्यात नव्हती.

ही व्यवस्था फार गोंडस होती असं मी म्हणत नाही. नाईक रुसला तर राखणदाराचा लुटारू व्हायला वेळ लागत नसे, आणि मैदानातल्या कुणब्याला याचा अनुभव पुरेपूर होता. पण नाईकाला त्या वाटेवरून कोणी बडतर्फ करू शकत नव्हतं. हक्क बापाकडून येई आणि मुलाकडे जाई. त्याला वरिष्ठ नव्हता.

१८१८ आणि नंतर

जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानं होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना दिला. फेब्रुवारीअखेर जनरल हिस्लॉपची फौज तापीकाठच्या थाळनेरला आली. किल्लेदारानं दार उघडायला खळखळ केली. चकमकीनंतर शिबंदी कापून काढली गेली आणि किल्लेदाराला फासावर चढवलं. थाळनेर आज शिरपूर तालुक्यात आहे. नव्या सरकारची या भागाशी पहिली ओळख झाली ती अशी.

कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशाचा पहिला पोलिटिकल एजंट. त्यानं धुळ्याची पेठ वसवली, वाटा मोकळ्या केल्या आणि भिल्लांवर फौजा धाडल्या. डोंगरात जाणारं धान्य अडवलं, तळ जाळले. १८१९ मध्ये चिल नाईकाला पकडून फाशी दिलं. तरीही दर हिवाळ्यात नवा नाईक उठे. सैन्य गेलं की भिल्ल पांगत, सैन्य परतलं की पुन्हा जमत. डोंगरातल्या हिवतापानं शिपाई मरत ते वेगळंच. हा खेळ पाच-सहा वर्षं चालला.

१८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन यानं धोरण फिरवलं. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी उघडल्या. कन्नडच्या बाजूला कॅप्टन ओव्हन्सनं भिल्लांना तगाई, बैल, बी-बियाणं देऊन शेतीवर बसवायला सुरुवात केली. लेफ्टनंट जेम्स औट्रमकडे आलं पलटण उभारायचं काम. वय बावीस. तो एकटा रानात गेला, नाईकांबरोबर बसून दारू प्यायला, वाघांच्या शिकारी केल्या. पहिल्या खेपेला त्याच्याकडे नाव नोंदवायला फक्त पाच जण तयार झाले. यातून उभी राहिली ती धरणगावची खानदेश भिल्ल पलटण.

तिच्यातला एक प्रसंग मला नेहमी आठवतो. नव्या भिल्ल शिपायांना मालेगावच्या छावणीत आणलं तेव्हा त्यांच्या पोटात भीतीचा गोळा होता. आपल्याला इथं आणून मारायचा बेत आहे, असं त्यांना वाटत होतं. औट्रमच्या जुन्या रेजिमेंटमधले उच्चवर्णीय शिपाई त्यांच्याकडे चालत आले आणि त्यांनी पान-सुपारी पुढे केली. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानायचा त्यांना बरोबरीनं विडा! त्या एका विड्यानं जे साधलं ते सात वर्षांच्या मोहिमांना जमलं नव्हतं.

औट्रमचं कौतुक करणारे इथंच थांबतात. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. याच धोरणात डोंगरातल्या नाईकांचे घाटावरचे आणि गावांवरचे हक्क हळूहळू सरकारनं आपल्याकडे घेतले आणि बदल्यात खजिन्यातून ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. व्यापाऱ्याला वाटेत दहा जागी थांबावं लागेना, गावकऱ्याला खळ्यावर भिल्लाचं तोंड बघावं लागेना, नाईकाला पैसे वेळेवर मिळू लागले. वरवर सगळ्यांचंच भलं झालं. पण हक्काचा पगार झाला होता. पगार देणारा तो बंदही करू शकतो. पगाराबरोबर हजेरी येते, वरिष्ठ येतो, आणि वागणुकीचा शेरा येतो.

गुमानसिंगाच्या पिढीनं हा बदल डोळ्यांनी पाहिला. खाज्या त्यातच वाढला.

एक मारहाण, दोन कायदे

१८३१ पासूनच्या वीस वर्षांत आग्रा रोड पक्का होत गेला. माळव्याची अफू, कापूस, सावकारांच्या हुंड्या, सरकारी डाक, खजिन्याच्या गाड्या, सगळं सेंधव्यावरून खाली उतरे. अशा वाटेवर वीस वर्षं टिकलेला राखणदार नालायक असणं शक्य नाही. सरकारी कागदही त्याच्या या चाकरीबद्दल वाईट बोलत नाहीत.

मग १८५० च्या सुमारास ते घडलं. लुटीच्या संशयावरून खाज्यानं एकाला धरलं आणि कबुलीसाठी मारलं. तो माणूस मेला. खाज्यावर खटला चालला आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

वर्गात इथं मी थांबतो आणि विचारतो, ही शिक्षा चूक होती का? बहुतेक पोरं "हो" म्हणतात. मी म्हणतो, जरा थांबा. माणूस मेला आहे. मेलेल्या माणसालाही घर होतं. कोठडीत मारून कबुली घेणं आज गुन्हा आहे आणि तो गुन्हाच असायला हवा. कंपनीच्या न्यायालयानं खून किंवा सदोष मनुष्यवध म्हणून शिक्षा दिली यात मला अन्याय दिसत नाही.

पण खाज्याच्या बाजूनं बघितलं तर चित्र पालटतं. घाट राख, चोरी होऊ देऊ नकोस, झालीच तर माल आणि चोर हजर कर, ही मागणी जुन्या काळची होती आणि सरकारनं ती तशीच ठेवली होती. ते काम करायची जुनी रीत मात्र गुन्हा ठरली. फळ जुन्या झाडाचं हवं होतं, मुळं नव्या कायद्याची. जबाबदारी हक्काच्या काळातली राहिली आणि शिक्षा पगाराच्या काळातली आली. या फटीत खाज्या सापडला.

सांगवी ते सेंधवा या पट्ट्यात तुरुंग ही गोष्ट लोकांना कळण्यासारखी नव्हती. दंड कळत होता, भरपाई कळत होती, सूड कळत होता, समेटाची दारू आणि बकरा कळत होता. घाटाचा नाईक भिंतीआड पाच वर्षं बसतो आणि घाट तसाच उघडा पडतो, याचा अर्थ लावायचा कसा?

चांगल्या वर्तणुकीबद्दल १८५५ च्या सुमारास, शिक्षा पुरी व्हायच्या आधीच, तो सुटला.

पुन्हा चाकरी, आणि उठाव

१८५७ च्या जूनअखेर महूच्या छावणीची हवा बिघडली होती. १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. आता मुंबई आणि माळवा यांच्यामधला घाट हाच सरकारचा श्वास. तो राखायला कोण हवा? ज्याला एकेक नाला, एकेक पाणवठा माहीत आहे तो. सरकारनं शिक्षा भोगून आलेल्या खाज्यालाच माणसं गोळा करून घाटावर बसवलं. गरज पडली तेव्हा शेरा पुसला गेला.

पुसला गेला म्हणजे विसरला गेला असं नाही. एका वरिष्ठानं त्याला जुनी शिक्षा टोचून दाखवली आणि तेव्हापासून त्याचं मन उठलं, अशी हकिकत सांगतात. ती जशीच्या तशी खरी असो वा नसो, मी तिला कारण मानत नाही. टोमण्यानं माणूस दुखावतो, पण टोमण्यावर शेकडो माणसं डोंगरातून उतरत नाहीत. ती उतरली, कारण खाज्याचं दुखणं एकट्याचं नव्हतं. बडवाणीच्या बाजूचा भीमा नाईक त्याला येऊन मिळाला. अरब, रोहिले आणि मक्राणी शिपाईही आले. जुन्या संस्थानांच्या शिबंद्या मोडल्यामुळे ही मंडळी बेकार फिरत होती. नवं राज्य आल्यावर पोटाला मुकलेले एकापाठोपाठ एक जमत गेले.

त्यानंतरचे महिने धावपळीचे आहेत. डाक अडली, शिरपूरच्या बाजूची गावं लुटली गेली, व्यापारी धरून खंडण्या घेतल्या गेल्या. सगळ्यात गाजली ती खजिन्याची लूट. इंदूरहून मुंबईकडे निघालेला सुमारे ७ लाख रुपयांचा खजिना खाज्या आणि भीमा यांच्या हाती लागला. १८५७ मधले ७ लाख! त्या काळी साधा शिपाई महिन्याला सात रुपये घेई. खजिन्याबरोबरच्या पहाऱ्यानं फारसा प्रतिकार केला नाही.

आता एक न आवडणारी गोष्ट. या लुटीची झळ इंग्रजांइतकीच शिरपूरच्या वाण्याला, तापीकाठच्या कुणब्याला आणि गाडीवानाला बसली. म्हणून मैदानातला शेतकरी या बंडाकडे फिरकला नाही, दाराला कडी घालून बसला. हे जास्त खटकतं ते पाच वर्षांपूर्वीचं आठवलं की. १८५२ मध्ये याच खानदेशाच्या पूर्व भागात शेतकरी सरकारवर उठला होता. जमीन मोजणीची साखळी शेतात आली की सारा वाढणार, या भयानं यावल, सावदा, फैजपूर, चोपडा, एरंडोल या बाजूंना जमाव जमले. कॅप्टन विंगेटच्या मोजणी खात्याचे तंबू घेरले गेले आणि मोजणी बंद करा अशी मागणी झाली. पाटील-देशमुखांसकट अख्खी गावं त्यात होती. ते आंदोलन मोडायला सैन्य आलं आणि त्याबरोबर धरणगावची भिल्ल पलटणही आली.

कुणब्याच्या डोळ्यांसमोर म्हणून दोन चित्रं होती. १८५२ मध्ये सरकारचा गणवेश घालून त्याचं गाव घेरणारा भिल्ल, आणि १८५७ मध्ये गणवेशाशिवाय त्याची गाडी लुटणारा भिल्ल. दोघांनाही सारा आणि सावकार यांनी पिळलं होतं, पण एकाची सुरी दुसऱ्याच्या पाठीत घुसवायची सोय सरकारनं १८२५ लाच करून ठेवली होती. औट्रमला एवढं लांबचं दिसलं असेल असं मला वाटत नाही. पण सोय झाली ती झाली.

शेजारच्या जिल्ह्यातला जुळा

खाज्या अपवाद होता का? त्याच्याबरोबर भागोजी नाईकाचं नाव घेतलं की उत्तर मिळतं. सिन्नरजवळच्या नांदूर शिंगोट्याचा हा भिल्ल नगर पोलिसांत अंमलदार होता. दंगा आणि पोलिसांना अडथळा या आरोपाखाली १८५५ मध्ये त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर चांगल्या वागणुकीचा जामीन मागितला गेला. भागोजी डोंगरात गेला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नगरचा पोलीस सुपरिंटेंडंट लेफ्टनंट हेन्री त्याला पकडायला गेला आणि चकमकीत मारला गेला. नोव्हेंबर १८५९ मध्ये फ्रँक सौटरच्या तुकडीनं मिठसागरजवळ भागोजीला गाठलं आणि ठार केलं.

दोघं एकमेकांपासून कित्येक कोस दूर, पण हकिकतीचा साचा एकच: नाईक, सरकारी चाकरी, खटला, तुरुंग, सुटका, बंड. दिल्लीचा बादशहा आणि काडतुसांची चरबी यांचं नाव दोघांच्याही तक्रारीत प्रामुख्यानं येत नाही. उत्तरेतल्या उठावानं संधी दिली, सरकारची फौज दुसरीकडे गुंतवली, एवढंच. दारू कोठारात आधीपासून भरलेली होती.

अंबापाणी

११ एप्रिल १८५८. सातपुड्यात, बडवाणीच्या मुलखात, अंबापाणी नावाच्या जागी खाज्या आणि त्याच्या साथीदारांचा जमाव होता. मेजर इव्हान्स आणि कॅप्टन बर्च यांच्या तुकड्या तिथं पोहोचल्या. भिल्ल दगडांच्या आणि झाडांच्या आडोशानं लढले, मक्राणी आणि रोहिल्यांच्या बंदुका त्यांच्या बाजूला होत्या. इंग्रज अधिकारीही जखमी झाले. पण तीर-कामठा आणि तोड्याच्या बंदुका एका बाजूला, कवायती पलटण दुसऱ्या बाजूला. दिवसाच्या उजेडात समोरासमोर उभं राहणं ही डोंगरातल्या माणसाची रीत नव्हे. खाज्यानं त्या दिवशी ती सोडली आणि किंमत मोजली.

लढाई संपल्यावर जे झालं ते लढाईहून भयंकर होतं. पकडलेल्यांचा निवाडा जागच्या जागी लष्करी न्यायालयानं केला आणि पन्नासाहून जास्त कैद्यांना गोळ्या घातल्या. स्त्रिया शेकड्यांनी ताब्यात घेतल्या. खाज्याला १८५० मध्ये न्यायालय, साक्षीपुरावा आणि दहा वर्षांची शिक्षा भेटली होती. आठ वर्षांनी त्याच्या माणसांना काही तासांचा निवाडा भेटला. कबुलीसाठी एकाला मारलं म्हणून नाईकाला तुरुंगात टाकणाऱ्या कायद्याला इथं कोणी काही विचारलं नाही. पोरांना मी हे दोन खटले शेजारी शेजारी ठेवायला सांगतो. बाकी काही बोलायची गरज पडत नाही.

बायकांना धरण्याचं गणित सरळ होतं. रानात पुरुष महिनोन् महिने मोहावर आणि कंदमुळांवर राहू शकतो, पण पाडा मोडला, पोरंबाळं छावणीत गेली की त्याचे पाय अडतात. ब्रिग्जच्या काळात धान्य अडवलं होतं, आता माणसं अडवली.

शेवट

खाज्या अंबापाणीतून निसटला. नोव्हेंबर १८५८ मध्ये तात्या टोपे निमाडातून आग्रा रोडवर आला, त्याच्या माणसांनी तारायंत्राच्या तारा तोडल्या आणि गाड्या लुटल्या. खानदेशातल्या अधिकाऱ्यांची झोप उडाली. तात्या आणि सातपुड्यातले भिल्ल एक झाले तर? तसं झालं नाही. पाठलागाच्या रेट्यात तात्या नर्मदा ओलांडून गुजरातच्या दिशेनं निघून गेला. १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामा माफीची भाषा बोलत होता, पण डोंगरात ती भाषा नेहमी फौजेच्या मागून पोहोचे.

बंड विरत गेलं. सोबतचे एकेक करून पकडले गेले, मारले गेले किंवा घरी गेले. मग १८६० मध्ये रोहिद्दीन नावाच्या मक्राणी जमादारानं खाज्याला ठार केलं. तो त्याच्याच विश्वासातला. पगारावर राखणारे पगारावर फिरतातही. खाज्याला हे कोणापेक्षाही जास्त ठाऊक असायला हवं होतं, पण विश्वासाशिवाय रानात एक रात्रही निघत नाही. भीमा नाईक आणखी काही वर्षं हाती लागला नाही. शेवटी सापडला, काळ्या पाण्यावर गेला आणि १८७६ मध्ये अंदमानात मेला.

चूक कुठं झाली

प्रकरण अभ्यासात हा प्रश्न येतोच. नेहमीचं उत्तर असतं: १८५७ मध्ये शिक्षा झालेल्या माणसाला घाटावर बसवलं ही चूक. त्या वेळच्या अधिकाऱ्यांनीही बहुधा असंच हळहळत म्हटलं असेल. मला ते पटत नाही. त्या पावसाळ्यात त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. खाज्याला बसवलं नसतं तर घाट उघडाच राहिला असता, आणि खाज्या तरी कुठं जाणार होता?

दुसरं उत्तर: १८५० मध्ये शिक्षा जास्त झाली. यात थोडं तथ्य आहे, पण पाच वर्षं काय आणि दोन वर्षं काय, तुरुंगातून आलेला नाईक हा पाड्यावर पूर्वीचा नाईक राहत नाही.

माझं उत्तर १८२५ च्या आसपास जातं. औट्रमच्या पद्धतीत माणूस ओळखीवर चालत होता. नाईकानं औट्रमला पाहिलं होतं, त्याच्याबरोबर वाघ मारला होता, त्याच्या शब्दावर तो थांबे. औट्रम दहा वर्षांनी, १८३५ मध्ये, खानदेश सोडून गेला. मागे राहिली फाइल. पुढच्या साहेबाला गुमानसिंगाचा घाटावरचा हक्क ही गोष्ट माहीत नव्हती. त्याच्यासमोर एक पगारी राखणदार होता, ज्याच्या नावावर एक शेरा पडला होता. हक्क काढून घेताना त्या जागी जे दिलं गेलं ते माणसाच्या भरवशावर दिलं गेलं. कागदावर फक्त रक्कम उतरली. पलटणीतल्या भिल्लाला निदान गणवेश, कवायत आणि बरोबरीचे सोबती मिळाले, त्याची जागा पक्की होती. म्हणूनच पलटण १८५७ मध्ये सरकारच्या बाजूनं टिकली. घाटाच्या नाईकाचं तसं नव्हतं. हक्क गेला होता आणि पलटणीची पक्की नोकरीही नव्हती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. हक्क तसाच ठेवला असता तर व्यापाऱ्याचं, वाटसरूचं, कुणब्याचं काय? त्यांनी दर घाटाला किती दिवस पैसे मोजायचे? यावर माझ्याकडे चुटकीसरशी उत्तर नाही. हाडाखेडच्या रांगेत उभ्या असलेल्या ट्रकवाल्याकडेही नाही.

गेल्या वर्षी हे प्रकरण शिकवताना मागच्या बाकावरचा एक पावरा आदिवासी मुलगा पूर्ण तासभर गप्प होता. होळीचे दिवस होते, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारामुळे निम्मा वर्ग तसाही रिकामा होता. तास संपल्यावर तो टेबलाशी आला. म्हणाला, "सर, माझा बाबा बावीस वर्षं रानात वॉचमन आहे. रोजंदारीवर. मागच्या पावसाळ्यात सागाची चार झाडं गेली, तर साहेब म्हणाला, भरपाई तुझ्या मजुरीतून कापतो."

मी विचारलं, मग बाबा काय म्हणाले?

"माग काढायला गेला. दोन दिवस घरी आला नाही."